गाड्यावरचे खाणे आणि वाढलेले वजन

दोन वर्षांपूर्वी मी गोव्यात, फोंड्यातल्या एका व्यायामशाळेत नाव घातले, तेव्हा माझे वजन 58 किलो होते. अंग भरावे एवढीच इच्छा होती. तिथल्या प्रशिक्षकाने सल्ला दिला की, मिळेल ते खा, पोट भरून खा, चरबीचे नंतर बघू. व्यायाम करणारी मुले या पद्धतीला 'डर्टी बल्क' म्हणतात. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून मी थेट व्यायामाला जात असे, आणि तिथून बाहेर पडताना पोटात कावळे ओरडत असत. अशा वेळी रस्त्याच्या कडेला कटलेट-पाव, शवर्मा आणि चिकन रोलचे गाडे ओळीने उभे असताना तो सल्ला पाळणे अगदीच सोपे होते.

पाच महिन्यांत वजन 67 किलो झाले. मला फार आनंद झाला होता, कारण लहानपणापासून 'काडी पहिलवान' हे नाव ऐकत आलो होतो. पण टेप लावून पाहिली तेव्हा कंबर 29 इंचांवरून 33 वर गेली होती आणि दंड जेमतेम अर्ध्या इंचाने वाढला होता. उचलायचे वजनही गेले दोन महिने एकाच आकड्यावर अडकले होते. 9 किलोंपैकी स्नायू किती, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मनात आला, आणि त्या रात्री मी दिवसभर काय खाल्ले ते वहीत लिहायला बसलो.

स्नायू वाढवण्यासाठी वजनाचे व्यायाम करणाऱ्या माणसाला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रथिने लागतात, असे 2018 साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून मांडले गेले आहे. म्हणजे सुरुवातीच्या माझ्या वजनाला 93 ग्रॅम. वहीतली बेरीज मात्र 60 च्या आत येत होती. सकाळी पातळ भाजी आणि दोन पाव, दुपारी कॅन्टीनमधला भात आणि त्यावर माशाचा एक लहानसा तुकडा, आणि रात्री बर्गर, तळलेले बटाटे व थंड पेय असा तो दिवस होता. या शेवटच्या जेवणात मी हजाराच्या आसपास कॅलरी घेत होतो आणि प्रथिने विशीच्या थोडीशी वर. त्यातल्या 300 मिलिलिटर कोलातच 30 ग्रॅमहून अधिक साखर असते. एका मोठ्या चमचाभर तेलात 120 कॅलरी असतात आणि प्रथिने शून्य. उकडलेल्या अंड्यात 70 ते 75 कॅलरी असतात आणि प्रथिने 6 ग्रॅम. हे आकडे शेजारी-शेजारी लिहिले तेव्हा मला माझी चूक दिसली. गाड्यावरच्या अन्नात विष नव्हते. जिथे प्रथिने जायला हवी होती ती पोटातली जागा मैदा आणि तेल अडवून बसले होते.

याच मुद्द्यावर मला एका प्रयोगाने फार काही शिकवले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 2019 साली 20 जणांना मुक्कामाला ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश आणि प्रथिने दोन्हीकडे सारखीच होती, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढले. पण त्या जादा कॅलरी पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांतून आलेल्या होत्या. प्रथिने जेवढ्यास तेवढीच राहिली. माझ्या वहीतही नेमके हेच दिसत होते.

उलट बाजूचाही एक प्रयोग सांगायला हवा, कारण तो दाखवून मित्र माझ्याशी वाद घालतात. 2015 मध्ये मोंटाना विद्यापीठात 11 पुरुषांकडून दीड तास जोरकस सायकल चालवून घेतली आणि नंतर कधी बर्गर-बटाटे, तर कधी खेळाडूंसाठीची खास उत्पादने खायला दिली. स्नायूंतले ग्लायकोजेन, म्हणजे तिथे साठवलेली साखर, दोन्ही वेळा सारखेच भरून आले. हे खरे आहे, आणि दमलेल्या अंगाला पावानेही ताकद येते हे मी रोज अनुभवतो. पण ग्लायकोजेन हे इंधन आहे. ते साठताना आपल्यासोबत तिपटीच्या आसपास पाणीही साठवते, म्हणून खाणे वाढवल्यावर पहिल्या पंधरवड्यात काटा भराभर पुढे सरकतो आणि माणूस त्यालाच स्नायू समजतो. स्नायूंची बांधणी व्यायामानंतर दिवस-दीड दिवस चालू राहते, त्यासाठी प्रथिनांचा पुरवठा दिवसभर व्हावा लागतो, आणि चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा करण्याची सोय शरीराकडे नाही.

मी गाडा सोडला नाही. फोंड्यात वाढलेल्या माणसाला रोस ऑम्लेट सोडायला सांगणे मला योग्य वाटत नाही, आणि हिशोब केला तर ती गरजही नाही. गाड्यावरचे काका स्टीलच्या पेल्यात दोन अंडी, कांदा, मिरची फेटून तव्यावर ओततात, ऑम्लेट ताटलीत उतरवून त्यावर शागोतीचा, म्हणजे भाजलेल्या मसाल्याच्या चिकनचा, रोस (रस्सा) घालतात, वर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड ठेवतात. टोपात रोसावर लाल तेलाचा तवंग असतो. एकदा मी त्यांना म्हटले, "काका, वरचे तेल बाजूला करून खालचा रोस घालाल का?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, पळीच्या पाठीने तवंग हलकेच सारला आणि तळातून चिकनच्या दोन तुकड्यांसह रोस काढला. तेव्हापासून मला सांगावे लागत नाही. त्यांच्याकडे मी तीन अंड्यांचे ऑम्लेट घेतो, आणि पाव एकच. एवढ्यात चिकनचे तुकडे धरून 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, आणि थंड पेय न घेतल्याने पैसेही बर्गरपेक्षा कमी लागतात.

बाकीचा पुरवठा घरातूनच होतो. आईने सुरुवातीला वजनकाट्यावर बांगडे ठेवू दिले नाहीत, "जेवण मोजून वाढायचे नसते" असे तिचे म्हणणे होते. पण 100 ग्रॅम बांगड्यात 19 ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात हे सांगितल्यावर आता तीच मला तळलेल्याऐवजी हुमणातले (नारळाच्या आमटीतले) दोन बांगडे वाढते. सोमवारी घरात मासे नसतात, त्या दिवशी आळसांद्याचे (चवळीचे) तोणाक, म्हणजे रस्सा, किंवा मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगांची आमटी, सोबत दही आणि पोदेराकडची (पाववाल्याकडची) कोंड्याची पोई, म्हणजे गव्हाचा पाव, असते. सुक्या कडधान्यात 100 ग्रॅमला 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असली तरी शिजवलेल्या वाटीत ती फार तर 8 ग्रॅम उरतात, म्हणून एका वाटीवर भागत नाही, दोन घ्याव्या लागतात.

गेल्या अकरा महिन्यांत वजन 67 वरून 66 झाले, म्हणजे काटा जवळपास जागेवरच आहे. कंबर मात्र 31 वर आली आहे, दंड सव्वा इंचाने वाढला आहे, आणि स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकांत, 60 किलोंवर अडकलेला मी आता 90 किलोंनी पाच वेळा उठतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि बाजारात बांगडा मिळाला तरी महाग मिळतो, म्हणून त्या दोन महिन्यांसाठी मी आतापासूनच अंड्यांचे ट्रे आणि पाच किलो आळसांदे भरून ठेवण्याचे आईशी ठरवले आहे.