दहा बाय पाचच्या दोरीत काय काय सापडतं

सोयाबीनची पानं गळायला लागली की आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला. ‘मंडळात हजारो हेक्टर सोयाबीन, आणि तुम्ही दहा-बारा ठिकाणी कापून सगळ्यांचं उत्पादन ठरवणार? हा कुठला न्याय?’ मी कृषी सहायक म्हणून मराठवाड्यात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे असा मेसेज आला की कुणी ना कुणी मला त्यात ओढतंच. तिथं टाइप करून बोटं दुखतात, म्हणून एकदाच इथं सविस्तर लिहितो.

ज्यांना पीक कापणी प्रयोग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीक विम्यात तुमच्या एकट्याच्या शेताचं उत्पादन कुणी मोजत नाही. महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, सरासरी उत्पादन काढतात आणि ते ‘उंबरठा उत्पादना’शी ताडून बघतात. मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं धरून सरासरी काढायची, तिला जोखीम स्तराने गुणायचं, की आला उंबरठा. आपल्याकडे जोखीम स्तर ७० टक्के. यंदाचं उत्पादन त्याच्या खाली गेलं तर भरपाई, नाहीतर राम राम. आणि ते यंदाचं उत्पादन येतं कुठून, तर १० मीटर बाय ५ मीटरच्या चौकटीतून. म्हणजे ५० चौरस मीटर, ढोबळ अर्धा गुंठा. त्यातलं सोयाबीन कापायचं, ताडपत्रीवर बडवायचं, उफणायचं, वजन करायचं, २०० ने गुणायचं, की हेक्टरी उत्पादन. काट्यावर एक किलो इकडचं तिकडं झालं की हेक्टरी दोन क्विंटलचा फरक. हे २०० डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता ग्रुपवरचा प्रश्न. दहा प्रयोग कमी आहेत का? कमी आहेत. पण लोकांना वाटतं की हजारो हेक्टरच्या मानाने कमी आहेत, तिथं गडबड होते. नमुना किती मोठा हवा हे मंडळ किती मोठं आहे यावर फारसं अवलंबून नसतं. शेताशेतात फरक किती आहे यावर ते ठरतं. समजा आपल्या मंडळात शेतागणिक उत्पादन सरासरीच्या ३० टक्क्यांनी वरखाली होतं. दहा ठिकाणी कापलं तर सरासरीत साधारण साडेनऊ टक्क्यांची चूक धरावी लागते. चाळीस ठिकाणी कापलं तर ती पावणेपाचवर येते. चौपट काम, निम्मी चूक. सगळी माळरानं आणि सगळी काळी रानं एकाच मंडळात असतील तर दहा फार अपुरे. सगळं रान सारखं असेल तर दहासुद्धा बरे. म्हणूनच जिल्ह्याचा एकच गठ्ठा न करता तालुका, मंडळ असे थर पाडतात, मग मंडळातून गावं, गावातून गट नंबर, गटातून चौकट. पुस्तकात याला स्तरित बहुटप्पी नमुना निवड म्हणतात. आम्ही ‘रँडम नंबरची यादी आली का?’ एवढंच म्हणायचो.

ती यादी हा या सगळ्याचा कणा. कुठल्या गटात जायचं हे ना तलाठ्याने ठरवायचं, ना ग्रामसेवकाने, ना सरपंचाने, ना मी. आकड्याने ठरवायचं. शेतात गेल्यावरही तेच. समजा शेत ८० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे. लांबीतून चौकटीचे १० वजा केले, ७० राहिले. रुंदीतून ५ वजा केले, ५५ राहिले. त्या मर्यादेतला एकेक रँडम नंबर घ्यायचा. ४३ आणि १२ आले तर नैऋत्येच्या कोपऱ्यापासून ४३ मीटर इकडं, १२ मीटर तिकडं, आणि तिथं पहिली खुंटी. मग तिथं सोयाबीन असो, गवत असो, की पाणी साचून चिबडलेलं रान.

एकदा माझी खुंटी अशीच चिबडात गेली. पीक पिवळं, शेंगा मोजून घ्याव्यात इतक्या. मी म्हटलं, शेताचे मालक मामा खूश होतील, उत्पादन कमी आलं तर विम्याला बरंच. तर मामाच तावातावाने आले. ‘साहेब, हितं कशाला मांडताव? तिकडं चला की, कमरंला लागतंय सोयाबीन!’ मी विम्याचं समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘ते इमा-बिमा ऱ्हाऊ द्या. फोटू निघणार हाय, माझं रान असलं दिसणार व्हय?’ चौकट हलवली नाही, मामा रुसले, चहासुद्धा विचारला नाही. नमुन्यात खोट घालायला लबाडीच लागते असं नाही. अभिमानाने, भिडेने, उन्हाच्या तडाख्याने, कशानेही ती येते. पैशाचा कल एका बाजूचा असेल तर अब्रूचा कल दुसऱ्या बाजूचा असतो, आणि दोन्ही एकमेकांना कापतील अशी कुणी हमी देत नाही.

रस्ता हा सगळ्यात गोड मोह. यादीतला गट ओढ्यापलीकडे, पाऊस पडून गेलेला, मोटारसायकल जात नाही. डांबरीला लागून असलेलं शेत समोर दिसतंय, त्यातही सोयाबीनच आहे. ‘काय फरक पडतो, सोयाबीन ते सोयाबीन’ असं म्हणणारा कुणीतरी नेहमी सोबत असतो. फरक असा पडतो की रस्त्याकडेच्या शेतात खत वेळेवर पोचतं, फवारणीचा पंप वेळेवर पोचतो, आणि बऱ्याचदा मालकही तालेवार असतो. ओढ्यापलीकडे तसं नसतं. निवडलेल्या गटात ते पीकच नसेल तर बदली गट घ्यायला नियमाने मुभा आहे, पण तोही क्रमाने पुढचा, सोयीचा नाही. कागदावर दोन्ही बदल सारखेच दिसतात.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे जे शेत हातातून निसटतं ते. सोयाबीन काढणीला आलं की सगळं एकदम येतं. गुत्तं घेणारी टोळी आज मिळाली तर आज, नाहीतर आठ दिवस नाही. वर आभाळ भरलेलं. शेतकऱ्याला तुम्ही ‘शुक्रवारी प्रयोग आहे, थांबा’ म्हणालात तरी तो कसा थांबेल? मग शुक्रवारी जाऊन पाहावं तर रान मोकळं. हे निसटलेले सगळे सारखेच असते तर हरकत नव्हती. पण लवकर येणारं वाण पेरलेले, हार्वेस्टर परवडणारे, पावसाआधी माल घरात नेलेले असे ते असतात. मागे राहतात ते पावसात भिजलेले, शेंगा तडकलेले. तिथंच मोजलं तर मंडळाचं उत्पादन खऱ्यापेक्षा कमी दिसणार. सर्वेक्षणात उत्तर न देणाऱ्यांचा प्रश्न म्हणून जो धडा शिकवतात तो हाच. फक्त इथं दार बंद नसतं, रान मोकळं असतं.

आता दोरी. माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते या दोरीबद्दल, आणि सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तिथंच आहे.

सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरलेलं आहे आणि ओळी चौकटीच्या लांब बाजूने धावतायत असं धरा. ५ मीटर रुंदीत अकरा ओळी बसतात आणि वर थोडी जागा उरते. बारावी ओळ बरोबर दोरीखाली आली, तर आत की बाहेर? नियम सांगतो, बुडखा दोरीच्या आत असेल तर आत. पण दुपारी दोन वाजता विळा हातात असलेला मजूर बुडखा वाकून बघत नाही. झाड आत झुकलंय ना, मग घे. अकरा ओळींत ६.८ किलो निघणार असेल तर बाराव्या ओळीसकट ७.४ होतात. गुणिले २००. हेक्टरी १३.६ क्विंटलचे १४.८ झाले. उंबरठा १४ असेल तर एका ओळीने भरपाईची बाजू बदलली.

‘पण हे तर एकाच प्रयोगात झालं, बाकीच्या नऊमध्ये भरून निघेल.’ भरून निघेल, जर कुठे ओळ आत आली आणि कुठे बाहेर गेली तर. पण हाताची सवय एकाच बाजूला असते. कडेवरचं झाड सोडून द्यायला माणसाला जड जातं, घ्यायला जात नाही. दहाही ठिकाणी हात आतच ओढत असेल, तर दहाची सरासरी काढून काही उपयोग नाही. शंभर ठिकाणी कापलं तरी तो फुगवटा तसाच राहतो, उलट आकडा जास्त भरवशाचा वाटायला लागतो. नमुन्याची चूक संख्येने कमी होते, एकाच बाजूचा कल संख्येने हलत नाही. ग्रुपवर हे वाक्य टाकलं की कुणीतरी अंगठा दाखवतं आणि पुन्हा ‘प्रयोग वाढवा’ सुरू.

चौकट केवढी असावी हा वाद जुना आहे, आणि त्यात आपल्याकडचाच माणूस होता. पां. वा. सुखात्मे, जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. फर्ग्युसनमध्ये शिकले, मग लंडनला नेमनसारख्या संख्याशास्त्रज्ञांच्या हाताखाली नमुना पाहणीचं शास्त्र शिकून आले, आणि १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत पिकांची आकडेवारी बसवायला लागले. त्याआधी अधिकारी ‘सरासरी दिसतंय’ असं शेत डोळ्यांनी निवडून कापत, किंवा सरळ आणेवारी सांगत. सरासरी दिसणारं शेत! मला विचाराल तर डोळ्याला सरासरी शेत कधी दिसतच नाही, एकतर चांगलं दिसतं नाहीतर वाईट.

तिकडे बंगालमध्ये दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी तागापासून सुरुवात करून पाहण्यांचं मोठं काम उभं केलं होतं. त्यांचा कल लहान लहान चौकटींकडे होता, त्या स्वस्त पडतात आणि जास्त ठिकाणी घेता येतात. त्यांच्याकडे खास शिकवून तयार केलेली माणसं होती. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं की चौकट फार लहान केली की उत्पादन फुगून येतं. गणित करून बघा. मोजणाऱ्याने चारी बाजूंनी फक्त पाच-पाच सेंटिमीटर जास्त घेतलं असं धरा. १ मीटर बाय १ मीटरची चौकट १.१ बाय १.१ झाली, म्हणजे क्षेत्र २१ टक्के वाढलं. १० बाय ५ ची १०.१ बाय ५.१ झाली, म्हणजे ३ टक्के. चूक तीच, हात तोच, पण लहान चौकटीला क्षेत्राच्या मानाने कडच जास्त असते.

दोघांमधला दुसरा मतभेद मला जास्त जवळचा. सुखात्म्यांना ही मोजणी खात्यातल्या नेहमीच्याच माणसांकडून करून घ्यायची होती, म्हणजे आमच्यासारख्यांकडून. महालनोबिसांना वेगळी, फक्त याच कामाची माणसं हवी होती. चौकटीच्या बाबतीत मी सुखात्म्यांच्या बाजूचा आहे. माणसांच्या बाबतीत मात्र मन दोन्हीकडे जातं. पीक ओळखायला, रान ओळखायला आमचाच माणूस हवा. पण ज्याला उद्या त्याच गावात दुसऱ्या योजनेचे अर्ज भरून घ्यायला जायचंय, त्याला सरपंचाच्या भावाच्या शेतात ‘नाही, खुंटी इथंच’ म्हणायला किती जड जातं हे मला विचारा.

पीक स्पर्धेचे आकडेही लोक या वादात आणतात. ‘अमक्याने एवढं काढलं, मग मंडळाची सरासरी एवढी कमी कशी?’ अहो, स्पर्धेत शेतकरी स्वतःहून नाव देतो, आणि आपलं सगळ्यात देखणं रान पुढं करतो. स्पर्धा तशीच असायला हवी. पण ज्याने त्याने स्वतः निवडून दिलेल्या नमुन्यावरून तालुक्याचं काही सांगता येत नाही.

आता उपग्रहाचं. सोयाबीनच्या अंदाजात त्याचंही वजन धरायला लागलेत, आणि पोरांना वाटतं दोरी-खुंटीची कटकट संपली. ओढ्यापलीकडचं शेत त्याला डांबरीच्या शेताइतकंच सोपं, हे मान्य. काढणी व्हायच्या आधी तो बघून गेलेला असतो, हाही मोठा फायदा. पण वरून दिसतो तो हिरवेपणा. एवढ्या हिरव्यात किती किलो दाणा, हे त्याला शिकवायला खालच्या चौकटीतलेच आकडे लागतात. त्या आकड्यांत बारावी ओळ असेल तर तीही तो शिकतो.

तर तुमच्या गावात प्रयोग लागला असेल, तर जा आणि उभे राहा. गावातल्या माणसांसमोर तो व्हायचा असतो. गट नंबर यादीतलाच आहे का बघा, बदली असेल तर का ते विचारा. कोपऱ्यापासूनचे दोन आकडे कुठून आले ते विचारा. दोरी नायलॉनची असेल तर टेपने मोजायला लावा, ती ताणते. कडेच्या ओळीत स्वतः वाकून बुडखा बघा. ओला माल तोलला असेल तर वाळवून पुन्हा तोलणार आहेत का, हे कागदावर यायला हवं. आणि वजन होईपर्यंत थांबा. जेवायला जायची घाई कर्मचाऱ्याला असते, विमा प्रतिनिधीला असते, आणि खरं सांगायचं तर शेतमालकालाही असते.