इशारा मिळूनही
आजचा दिवस सायबर हल्ल्यांविषयीचे जुने अहवाल वाचण्यात गेला आणि मन अस्वस्थ झाले. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या संगणक-विषाणूने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे संगणक ठप्प केले, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आणि ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध करून दिली होती. त्याआधी, डिसेंबर २०१५ मध्ये, युक्रेनच्या काही भागांतील वीजपुरवठाही सायबर हल्ल्याने खंडित झाला होता. एस्टोनियाने २००७ च्या हल्ल्यांनंतर पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण आखले, म्हणजे इच्छाशक्ती असल्यास हे जमते. परंतु टळलेला हल्ला मतदारांना दिसत नाही, त्यामुळे या कामासाठी निधी मागणारे लोकप्रतिनिधी विरळाच, आणि मला सर्वाधिक चिंता वाटते ती याचीच.