भांगाचं पाणी

मराठीत लिहिणाऱ्या माणसाच्या हातून उधाण सुटत नाही. आनंदाला उधाण, उत्साहाला उधाण, निवडणुका आल्या की अफवांनाही उधाण. त्याचा जुळा भाऊ भांग मात्र किनाऱ्यावरच राहिला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात ओढतात, पाणी ना धड चढतं ना धड उतरतं, तो भांग. खरं तर नोकरदार माणसाचा सगळा आठवडा भांगाचाच असतो. पण ‘सध्या माझ्या उत्साहाला भांग आलाय’ असं लिहून बघा, लोक होळीच्या शुभेच्छा देतील.

आपण दर्याचे शब्द भावनेसाठी उचलतो, दर्यावरची माणसं ते हिशेबाला वापरतात. अलिबागच्या किनाऱ्यावर हे ऐकायला मिळालं. कुलाबा किल्ला समोर दिसत होता, मध्ये पाणी. ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबानं जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, “काका, उद्या चालत कधी जाता येईल?”

“उद्या काय हाय?”

“उद्या एकवीस तारीख.”

“तारीख नको. तिथी सांगा.”

तिथी कुणालाच ठाऊक नव्हती. मग मोबाइल निघाले, पंचमी सापडली. म्हाताऱ्यानं सुई खाली ठेवलीसुद्धा नाही. “पंचमी म्हणजे पावणेचारला भरती. सकाळी धाच्या आतबाहेर सुकती. नवाला निघा, बाराच्या आत परत या.”

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, ही पूर्ण भरतीची वेळ. तिच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी, म्हणजे म्हाताऱ्याची सुकती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागून येतं, म्हणून हे जमतं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, त्यामुळे रोज थोडी थोडी तूट साचत जाते. पौर्णिमेला पाढा सव्वाअकरा सांगतो, पाणी मात्र बाराच्या सुमारास भरतं. तिथून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मुंबईपासून खाली कोकणात बऱ्याच ठिकाणी हे गणित चालतं, आणि पाऊणकीचा पाढा पाठ असलेल्या पिढीला त्यासाठी कागदही लागत नसे.

मुंबईत आपण या शब्दांचं काय करतो बघा. पावसाळ्याच्या तोंडाशी बातमी येते, ‘यंदा इतके दिवस साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा.’ त्या लाटा नव्हेतच. साडेचार मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी, ओहोटीच्या खालच्या ठरलेल्या रेषेपासून मोजलेली. समुद्र अगदी शांत असला तरी ती तेवढीच असते. त्याच वेळी पाऊस कोसळला तर नाल्यांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, खरी भीती ती. पण ‘उंच लाटा’ छापलं की मंडळी छत्री घेऊन मरीन ड्राइव्हला फोटो काढायला हजर.

शिडाच्या होड्या होत्या तोवर वाऱ्याचंही असंच वेळापत्रक असे. पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा होडी बाहेर न्यायचा, दुपारचा खारा वारा घरी आणायचा. आता मतलई वारे भूगोलाच्या पेपरात ‘फरक स्पष्ट करा’पुरते उरलेत. डोलकाठी शब्दकोड्यात भेटते. शिडाची आडवी काठी म्हणजे परबाण, हे तर कोळीवाड्यातल्या पोरांनाही सांगावं लागेल. इंजिन आलं आणि वाऱ्याची गरज संपली.

पाण्याची गरज काही संपली नाही. उधाणाच्या सुकतीला खाडीच्या तोंडाशी गाळ असा उघडा पडतो, की भल्या इंजिनाच्या ट्रॉलरलाही बाहेरच नांगर टाकून बसावं लागतं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघतो, खलाशी ताणून देतात. इकडे बंदरावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांना कोष्टक लागत नाही. बोटी डोळ्यांसमोर दिसतायत, मग मासळी का नाही, म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. त्यातली एकजण पान तोंडात सारते आणि सांगते, “पानी नाय अजून. तासाभरानं या, पिशवी आना.”