कासला जायचं तर मंगळवार-बुधवार बघा

आम्ही घाटकोपरचे. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार माणसं होती आणि सातारा जिल्ह्यात २८७. पावसाळा आला की घाट चढावासा वाटतो तो ह्याच मोकळिकीसाठी. गेल्या वर्षी सप्टेंबरातल्या एका रविवारी साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर गेलो, तर फुलांआधी माणसांच्या पाठीच दिसत राहिल्या. यंदा बुधवार धरला.

सकाळी सातला पठारावर धुकं होतं. तेरड्याचे गुलाबी-जांभळे पट्टे, मधूनमधून पांढरे गेंद आणि पाणथळीत सीतेची आसवं. ती नखाएवढी असतात. उभ्याउभ्या दिसत नाहीत, वाकावं लागतं. डबक्यात वायतुऱ्याचा दुफाटी तुरा मिळाला. ह्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, म्हणून माझ्या मुलीने तो दहा मिनिटं न्याहाळला.

हे सगळं जांभ्या खडकावरच्या बोट-दोन बोटं मातीत उगवतं. एक पाय पडला की ती माती दबते, म्हणून आखलेली पायवाट सोडू नका. फुलांत लोळून फोटो काढणारे बघितले की जीव तुटतो. २०१२मध्ये हे पठार जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी आणखी वाढली. आता दिवसाला ३ हजारांची मर्यादा आहे, आणि नोंदणी ऑनलाइन, वेळेच्या टप्प्यांप्रमाणे. सकाळचा टप्पा घ्या. शनिवार-रविवारची नोंदणी लवकर भरते. मध्यंतरी इथे तारेचं कुंपण होतं, ते काढलं, हे फार बरं झालं. पिढ्यानपिढ्या गुरं चरलेलं हे रान आहे, त्याला बंदिस्त बाग करून चालणार नाही.

राखण कास, एकीव, आटाळी, कासाणी ह्या गावांतली माणसं करतात. तिकिटाजवळच्या एका मावशींचा मुलगा कोपरखैरण्याला माथाडीत आहे, गणपतीला येतो. त्या म्हणाल्या, “तुमी हिकडं फुलं बघाय येता, आन् आमची पोरं तिकडं.” त्यांच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे. इथल्या प्रवेशशुल्कातून आसपासच्या पोरांना हंगामापुरता का होईना रोजगार मिळतो, म्हणून पैसे देताना मला जड वाटत नाही.

सातारा ते कास साधारण २५ किलोमीटर. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा काळ धरा, पण पावसाप्रमाणे बहर पुढेमागे होतो. निघण्याआधी साताऱ्यात कुणाला तरी फोन करून विचारा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वर वारा फार. पुढे कास तलाव लागतो. सातारकर त्याचं पाणी पितात, त्यामुळे काठावर जेवण उरकून पत्रावळ्या टाकू नका, कचरा गाडीतून खाली आणा. जेवण एकीवकडच्या एखाद्या घरी सांगून ठेवा. आम्हाला पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचा मिळाला, पण तासभर आधी सांगावं लागलं.