आईचा पास

बुधवार, रात्री

आज आई एकटी ट्रामने व्हिएन्नातल्या ब्रुनेनमार्क्ट या बाजारात जाऊन आली. मी अडवलं नाही, पण दोन तास कामात लक्ष नव्हतं. दार उघडताच तिने पिशवी पुढे केली. "भेंडी मिळाली बघ. कोथिंबीरही ताजी आहे." थांब्यावरच्या पाटीवर चार मिनिटं लिहिलं होतं आणि चौथ्या मिनिटाला ट्राम आली, हे तिने दोनदा सांगितलं. तिचे गुडघे दुखतात, पण ट्रामचं दार जवळजवळ फुटपाथच्या उंचीला असल्यामुळे चढायला त्रास झाला नाही.

मला केटी आठवलं. अमेरिकेत ह्यूस्टनच्या पश्चिमेला असलेल्या त्या उपनगरात आई सहा महिने आमच्याकडे होती. दुकान जेमतेम दोन किलोमीटरवर. मधे सहा पदरी रस्ता, आणि फुटपाथ अर्ध्यातच संपलेला. एकदा ती चालत निघाली, फुटपाथ संपला तिथे जरा वेळ उभी राहिली आणि परत आली. मग शनिवारची वाट बघायची. "तुला सवड होईल तेव्हा जाऊ गं." ठाणे-दादर लोकलने तीस वर्षं नोकरी केलेली बाई ती. साध्या कोथिंबिरीसाठी तिला माझ्यापुढे विषय काढावा लागायचा, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिथला केटी फ्रीवे हा महामार्ग 2008 मध्ये रुंद करून झाला. जवळपास 2.8 अब्ज डॉलर खर्च, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी 26 लेन. काही वर्षांतच गर्दीच्या वेळी पुन्हा तीच रखडपट्टी. रस्ता मोठा झाला की घरं आणखी लांब बांधली जातात आणि त्या प्रत्येक घरातून गाड्या त्याच रस्त्यावर येतात.

व्हिएन्नाने 2012 मध्ये ट्राम-बसचा वर्षाचा पास 449 युरोंवरून 365वर आणला, म्हणजे तेव्हा दिवसाला एक युरो. त्याच वर्षी पार्किंग महाग केलं आणि पैसे भरून गाडी लावायचा भागही वाढवला. स्वस्त पासाचं कौतुक सगळे करतात. मला ही दुसरी बाजू जास्त धाडसाची वाटते, कारण गाडीवाल्यांचा रोष ओढवून घ्यावा लागतो. युरोपातल्या खेड्यांत गाडीवाचून अडतंच, ते मी पाहिलंय. पण शहरात तरी म्हाताऱ्या माणसाला घरात अडकवून ठेवू नये.

जेवताना आई म्हणाली, "डी नंबरची ट्राम पार द्राक्षमळ्यांपाशी जाते म्हणे. उद्या जाऊन येईन. तू तुझं काम कर."