पापा पुन्हा पिवळा पडला

मागच्या खेपेला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, माझा पिवळा पडलेला पापा मेलँड गुलाब सावरला म्हणून. ते वाक्य मागे घेते. डिसेंबरातली फूट छान लालसर निघाली होती, पण संक्रांतीच्या आसपास कोवळी पानं एकेक करून लिंबासारखी झाली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. शेंड्याची दोन तर पांढरी पडून कडेने करपलीत. कळ्या आल्या दोन, त्यातली एक मान टाकून बसलीय.

त्या पिवळेपणावर ज्यांनी ‘युरिया घाला’ सांगितलं होतं, त्यांच्यावर राग नाही. मीही घातला होता. पण नत्र कमी पडलं की आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात, मॅग्नेशियमचंही तेच. (एप्सम सॉल्टचा अर्धा किलोचा पुडा तसाच पडलाय, कुणाला हवा असेल तर सांगा.) शेंडा पिवळा आणि बुडखा हिरवा म्हणजे लोहाची तक्रार, कारण जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे जात नाही.

म्हणून नोव्हेंबरात हिराकस (फेरस सल्फेट) टाकला होता, ते मागे लिहिलंय. काही फरक नाही. मग दुकानदाराच्या शब्दावर चिलेटेड लोह, म्हणजे एका रसायनाच्या पकडीत धरलेलं लोह आणलं, ईडीटीएवालं. ‘लोह ते लोह, ताई.’ नसतं हो तसं. वाफ्यातली चमचाभर माती बशीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं, तर इनो टाकल्यासारखी फसफसली. चुनखडी. सामू (पीएच) तपासून घेतला तर ८.३. अशा मातीत हिराकस बघता बघता गंजून बसतो, मुळाला काही लागत नाही. ईडीटीएची पकडही सामू साडेसहाच्या वर गेला की सुटत जाते. म्हणजे दोन महिने मी पापाला खत घालत नव्हते, सांगलीतल्या विश्रामबागेच्या काळ्या मातीला गंज चढवत होते.

इथवर माझं मला उमगलं. पुढचं मामांमुळे. ते तासगावचे, द्राक्षबागायतदार. मामींना हळदीकुंकवाला सोडायला आले आणि चहा होईपर्यंत वाफ्यापाशी उकिडवे बसले. पहिला प्रश्न, ‘पाणी कुठलं घालतीस?’

मी अभिमानाने सांगितलं, आरओच्या मशिनचं वाया जाणारं. रोज दोन बादल्या वाचतात.

मामांनी कपाळाला हात लावला. ‘अगं, बोअरचं पाणी आधीच जड. मशीन त्यातलं गोड तुला देतंय आणि खारट सगळं गुलाबाला.’

पाण्यातले क्षार मोजायचं मीटर लावून बघितलं. बोअर ११४०, आरओची बादली १९००, नळाचं कृष्णेचं पाणी २९०. त्या १९०० मधले बायकार्बोनेट सामू आणखी चढवतात आणि असलेलं लोहही मुळाला घेऊ देत नाहीत. शिवाय आई नेमाने अंड्याची टरफलं कुटून घालायची. तोही चुनाच. टरफलं बंद झाली आहेत, जरा रुसवाफुगवी झाली. आरओच्या पाण्याने आता फरशी पुसतो.

मामांनी बागेतलं ईडीडीएचएवालं, म्हणजे दुसऱ्या रसायनाच्या पकडीतलं लोह पाव किलो पाठवलं. तपकिरी-लाल दाणे, पाण्यात टाकले की कोकमासारखा रंग. हे सामू नऊच्या पुढेही लोह धरून ठेवतं. महाग आहे, पण झाडाला चार-पाच ग्रॅमच लागतं. नळाच्या पाण्यात कालवून संध्याकाळी बुडाशी दिलं (उन्हात ते टिकत नाही). अकराव्या दिवशी शेंड्याला जे पान उलगडलं ते हिरवं होतं. अख्खं हिरवं! मी त्याचा फोटो चौघांना पाठवला, एकानेही उत्तर दिलं नाही.

पण हा उपाय म्हणजे दर दोन महिन्यांनी सलाईन लावण्यासारखं आहे. त्याच वाफ्यात, पापापासून दोन हातांवर आईचा गुलकंदाचा गावठी गुलाब उभा आहे. तीच चुनखडी, तीच आरओची बादली, आणि हा पठ्ठ्या तेरा वर्षं हिरवागार. मामांना हे दाखवलं तर म्हणाले, ‘मग खुंट बघ की. आम्ही डॉगरिजवर बाग का लावतो?’ (डॉगरिज हा द्राक्षाचा खुंट.)

खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळाचं झाड, कुठला, हे रोपवाटिकेत विचारलं होतं तेव्हा ‘कलम म्हणजे कलम’ असं उत्तर मिळालं होतं. पण डिसेंबरात पापाच्या जोडाखालून एक फूट आली होती, ती मी उपटून वहीत दाबून ठेवलेली. काढून पाहिली: काटे नाहीत, पर्णिका बारीक, आणि देठाच्या बुडाशी झालरीसारखी कातरलेली उपपर्णं. मल्टिफ्लोरा. चुनखडीत पहिला पिवळा पडणारा खुंट. दोष पापाचा नव्हताच. माझा दुसरा गुलाब, डबल डिलाइट, कुंडीत, कोकोपीट आणि नळाच्या पाण्यावर म्हणून मजेत आहे. परवा त्याचं पहिलं फूल आलं, ऊन लागेल तसतशी कडेची लाली आत उतरत गेली, आणि सकाळी सातला जवळ गेलं की लवंगेसारखा वास. दुपारी दोनला तेच फूल हुंगलं तर निम्माही नाही.

तर ठरलं होतं असं: पापाला उपटून कुंडीत घालायचा. हे लिहितालिहिता बेत बदलतोय. गावठी गुलाब म्हणजे आपला एडवर्ड, तो स्वतःच खुंट म्हणून चालतो. त्याच्या बुंध्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन सरळ फांद्या आल्यात. कुंडी कशाला, त्यांच्यावरच पापाचे डोळे भरले, म्हणजे त्याच्या फांदीवरचे अंकुर सालीत बसवले, तर? फेब्रुवारीचा पहिला आठवडा हातात आहे, रस वर चढलाय, साल सुटते का ते नखाने बघितलं, सुटते.

आईला सांगितलं. ‘गुलकंदाच्या झाडाला ब्लेड लावायचं नाही.’ अर्धा तास वाटाघाटी झाल्या. एक फांदी मिळाली. दुसरीच्या जागी गावठीच्या सहा काड्या कोकोपीटमध्ये खोचल्यात, पावसाळ्यापर्यंत तयार झाल्या तर मिस्टर लिंकन गुलाबही त्यावर. (तो आणि पापा सख्खी भावंडं, दोघेही क्रायस्लर इंपीरियल आणि चार्ल्स मॅलेरिन यांच्या संकरातले. म्हणून वासाच्या बाबतीत पंगत एकच.)

पापाच्या कुठल्या फांदीवरचा डोळा घ्यावा, यावर मत हवंय. मी फूल पडून गेलेल्या फांदीचा मधला, फुगलेला पण न फुटलेला घेणार आहे. शनिवारी मामा येतायत. टेप मी आणलीय, चाकू ते स्वतःचाच आणणार आहेत. माझा बघून म्हणाले, याने काकडी काप.