पैसे वसूल

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पुण्यात इतक्या दुकानांत असते की ती कुणी वाचत नाही. मी ती एकदाच नीट, शब्द न् शब्द वाचली. २००० सालचा नोव्हेंबर, दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली, आणि हातात आदल्याच दिवशी घेतलेली कॅसेट. दुकानदार काउंटरमागे पेपर वाचत बसला होता. मी आत गेलोच नाही. पाटी वाचली आणि माघारी आलो.

कॅसेट होती रेडिओहेड या इंग्लिश बँडची, ‘किड ए’. सव्वाशे रुपये. तेवढ्यात मेसचं पाच दिवसांचं जेवण व्हायचं, म्हणून वर्गणी काढली होती. पासष्ट माझे, तीस नागपूरकराचे, तीस कोल्हापूरकराचे. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत आम्ही तिघे राहायचो आणि एकमेकांना गावाच्याच नावानं हाका मारायचो. खरी नावं फक्त मनीऑर्डरवर असायची.

वर्गणी गोळा करताना मी एक शब्द दिला होता, तोही नागपूरकराला: ‘गिटार असेल.’ त्याच्यापाशी एक गिटार होती आणि त्याला एकच गाणं पक्कं यायचं, याच बँडचं ‘क्रीप’. जी, बी, सी, सी मायनर, एवढे चार कॉर्ड. त्या चार कॉर्डांवर त्याची दोन गॅदरिंगं पार पडली होती. शिवाय १९९७ सालची ‘ओके कॉम्प्युटर’ आम्ही इतकी वाजवली होती की तिच्या पट्टीवरची छपाई उडून गेली होती. त्यानंतर तीन वर्षं बँडची नवी कॅसेट आली नव्हती. आता येणार म्हटल्यावर त्याच्या पुढचं, त्याहून मोठं काहीतरी येणार हे आम्ही गृहीत धरलं होतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी झाल्यावर मठ्ठा येतो, तितक्या खात्रीनं.

रात्री जेवून आलो. कोल्हापूरकरानं टू-इन-वन चटईच्या मध्यभागी ठेवला. बटण दाबलं.

आधी कीबोर्डवर काही सूर आले, गोल, थंड. मग आवाज. म्हणजे आवाजाचे तुकडे. कुणीतरी बँडचा गायक थॉम यॉर्क याचा गळा विळीवर चिरून परत भलत्याच क्रमानं लावून ठेवला असावा तसे. पुढे, मागे, अर्धा शब्द, उलटा श्वास.

“टेप फसली बे,” नागपूरकर म्हणाला.

त्यात त्याची काही चूक नव्हती. टेप गुरफटते तेव्हा अगदी असाच आवाज येतो. कोल्हापूरकरानं कॅसेट बाहेर काढली, पेन्सिल घालून दोन वेढे फिरवून पाहिली, कापसाच्या बोळ्यावर कोलन वॉटर घेऊन हेड पुसला. पुन्हा लावली. टेप पुन्हा तिथेच फसली. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की हे असंच आहे.

मग मात्र कुणी बोललं नाही. दुसऱ्या गाण्यात लहान मुलाच्या पाळण्यावरच्या खेळण्यासारखी टुणटुण आणि माणसाचा वाटेना असा आवाज. तिसऱ्यात एकच बासची ओळ, तीच ती, तीच ती, आणि तिच्यावर हळूहळू चढत गेलेले भोंगे. दोन वराती एकाच चौकात समोरासमोर याव्यात आणि दोन्ही बँडवाल्यांनी माघार घ्यायला नकार द्यावा, असा तो कल्लोळ. (आठ वादक होते असं पुढे वाचलं. त्यांना चेव यावा म्हणून यॉर्कनं समोर इतक्या उड्या मारल्या की त्याचा पाय मोडला, असं तो स्वतःच सांगतो.) चौथं गाणं गिटारनं सुरू झालं तसा नागपूरकर भिंतीचा टेका सोडून सरळ बसला. पण थोड्याच वेळात व्हायोलिनं आली आणि गिटारीला धुक्यात घेऊन गेली. पाचव्यात तर ना गाणारा, ना ताल, नुसता हवेसारखा काहीतरी आवाज. तो उठून माठातलं पाणी आणायला गेला आणि दारातून म्हणाला, “माझे तीस रुपये वापस दे. गिटार कुठी आहे?”

गंमत अशी की त्या पाचव्या तुकड्यात गिटारच होती. बँडच्या एड ओब्रायन या गिटारवादकानं वाजवलेलंच ताणून, लांबवून, ओळखू येणार नाही असं करून ते बनवलं होतं. पण हे मला कळायला पुढे काही वर्षं गेली, आणि त्या रात्री ठाऊक असतं तरी तीस रुपयांच्या वादात त्याचा उपयोग झाला नसता.

आणि मी? मी म्हणालो, “भारी आहे.”

मला ते अजिबात भारी वाटलं नव्हतं. पोटात गोळा आला होता. पण पासष्ट रुपये माझे होते, शब्द मी दिला होता, आणि ‘मला कळलं नाही’ म्हणायची त्या वयात सोय नसते. “एकदा ऐकून कळण्यातलं नाहीये हे,” असंही वर म्हणालो. हे वाक्य फार सोयीचं असतं. ते खोटं आहे हे समोरच्याला सिद्ध करता येत नाही, आणि स्वतःला तर मुळीच येत नाही.

तिकडे जगातही हेच चाललं होतं. अल्बम २ ऑक्टोबरच्या सुमारास निघाला तो दोन्हीकडे, इंग्लंडात आणि अमेरिकेत, पहिल्या क्रमांकावर गेला. ना कुठलं गाणं आधी सुटं काढलं होतं, ना नेहमीसारखे व्हिडिओ केले होते. लोकांनी आमच्यासारखाच डोळे झाकून घेतला, आणि घेतल्यावर डोळे उघडले. लंडनच्या ‘मेलडी मेकर’ या संगीत-साप्ताहिकानं पाचपैकी दीड तारा दिला. अमेरिकेत ‘पिचफोर्क’ या संगीताच्या वेबसाइटनं दहापैकी दहा दिले. (‘मेलडी मेकर’ त्याच डिसेंबरात बंद पडलं. दोन्हींचा संबंध नाही, पण मला त्या वेळी कळलं असतं तर मी लावला असता.)

सगळ्यात मार्मिक बोलला तो कादंबरीकार निक हॉर्नबी. त्यानं ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की असल्या अल्बमवर मेहनत घ्यावी लागते, रात्रीमागून रात्री घरी बसून अर्थ शोधत राहावं लागतं, म्हणजेच तुम्ही सोळा वर्षांचे असावे लागता. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला हे जमायचं नाही. त्यानं ते तक्रार म्हणून लिहिलं होतं. मी बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि मला ते आमच्या खोलीचं हुबेहूब वर्णन वाटलं. आम्ही सोळाचे नव्हतो, एकोणीसचे होतो, पण वेळ सोळाइतकाच होता. आणि दुसरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते.

माझं म्हणणं इथेच आहे. लोक म्हणतात, कलाकृतीला वेळ द्यावा, तिच्यापाशी थांबावं, ती हळूहळू उलगडते. असेलही. मी मात्र थांबलो तो सव्वाशे रुपयांसाठी. ताटातलं संपवायचं, टाकायचं नाही, या संस्कारात वाढलेल्या मुलानं कॅसेटही संपवली, रोज संपवली. दाढी करताना, जर्नल उतरवताना, गुरुवारी दिवसभर वीज जायची तेव्हा बॅटरीवर. एका गुरुवारी सेल उतरत आले आणि टेप हळू फिरू लागली. आवाज खर्जात गेला, ताल रेंगाळला. तब्बल दोन गाणी झाली तरी तिघांपैकी एकालाही संशय आला नाही.

पहिल्या ऐकण्यात आम्ही ‘किड ए’ ऐकलीच नव्हती, हे माझ्या लक्षात आलं ते बरंच नंतर. आम्ही त्या पन्नास मिनिटांत ‘ओके कॉम्प्युटर’ शोधत होतो. नव्यानं बांधलेल्या मामाच्या घरात गेल्यावर आपण जुना झोपाळा शोधतो, आणि तो नाही म्हणून नवा ओटा, मोठ्या खिडक्या, काहीच दिसत नाही, तसं. बरं, मामाला विचारावं तर त्यालाही नव्या घरात रात्री दिव्याचं बटण सापडत नसतं. त्या बँडचंही तसंच झालं होतं. गाण्यात गिटारच नाही म्हटल्यावर गिटारवाल्यांनी करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यातच पडला होता. यॉर्कला शब्द सुचत नव्हते, म्हणून त्यानं ओळी कागदावर लिहून, कापून, भिशीच्या चिठ्ठ्यांसारख्या उचलून काही गाणी जुळवली. म्हणजे आम्ही खोलीत बसून ज्याचा अर्थ लावत होतो, तो गाणाऱ्यानंही आधी लावून ठेवलेला नव्हता.

कॅसेटच्या कागदात गाण्यांचे शब्द छापलेले नव्हते. पहिल्या गाण्यातला एक शब्द कोल्हापूरकराला चौथ्या दिवशी ऐकू आला. “लेमन म्हणतोय की रं हा. काल उठल्यापासनं लिंबू चोखतोय म्हणं.” तिघांनी मिळून रिवाइंड करून खात्री केली. होय, लिंबूच. त्यानंतर खोलीत कुणाचा चेहरा पडलेला दिसला की “लिंबू?” एवढंच विचारायची पद्धत पडली. परीक्षेच्या दिवसांत तर सगळ्या मजल्यावर.

आणि मग मेसमधला तो दुपारचा प्रसंग. पोळ्या यायच्या होत्या. कोल्हापूरकर लहानपणी चार वर्षं तबला शिकलेला. त्याची बोटं रिकाम्या ताटावर आपोआप चालायची. त्या दिवशी तो चालवता चालवता थांबला, पुन्हा सुरू झाला, ओठांनी मोजू लागला. “एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ दहा.” पुन्हा दहा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “भावा, ते लिंबाचं गाणं दहा मात्रांचं हाय.”

“झपताल?”

“झपताल न्हवं. खंड जुळत न्हाईत. पर धाच हायत. म्हणून त्या रात्री आपल्याला सम गावंना.”

पोळ्या आल्या, गार झाल्या. आम्ही दोघं स्टीलच्या ताटावर मोजत होतो. आजवर त्या गाण्याला मनात चार-चार मात्रांनी मोजत होतो म्हणून ते दर वेळी हातातून निसटत होतं. दहा मोजल्यावर ते अचानक पाय रोवून उभं राहिलं. जिना चढताना शेवटी एक पायरी आणखी आहे असं समजून आपण पाऊल टाकतो आणि धडपडतो. दोष जिन्याचा नसतो. त्या रात्री खोलीवर जाऊन पुन्हा लावलं, आणि पहिल्यांदाच मी खोटं न बोलता म्हणालो, “भारी आहे.” एक महिना लागला.

हे ऐकून माझे वडील म्हणाले होते, यात नवल काय. ते साताऱ्याहून कामासाठी आले की खोलीवर एक चक्कर मारायचे. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, “याला काय झालंय?” असं अगदी दवाखान्यातल्या काळजीनं विचारलं, आणि मग आजोबांचा किस्सा सांगितला. आजोबा बालगंधर्वांचे निस्सीम भक्त. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला तेव्हा ते हौसेनं ऐकायला गेले. पदं तीच, पण चालवणारा गळा दुसरा. सवयीच्या जागा जिथे यायच्या तिथे कुमारजी भलतीकडेच वळत. आजोबा घरी आले, पगडी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “त्याला उमजले असतील. आम्हाला नाही उमजला तो.” पुढे रेडिओवर लागलं तर मात्र बंद करू द्यायचे नाहीत. आवडलं का, हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

वसुलीचा हा मार्ग प्रत्येक वेळी फळाला येईलच असं नाही, हेही कबूल केलं पाहिजे. लू रीड या अमेरिकन गायकानं १९७५ साली ‘मेटल मशीन म्यूझिक’ काढली. दोन तबकड्या, चार बाजू, तासाभराहून जास्त नुसता गिटारींचा अँप्लिफायरसमोरचा किंकाळ्या मारणारा गजर. एक शब्द नाही, एक सूर धरता येत नाही. लोकांनी तबकड्या परत नेऊन दिल्या आणि दुकानांनी त्या घेतल्या. तिकडे सदाशिव पेठेतली पाटी नव्हती. २००२ साली बर्लिनमध्ये काही वादकांनी तो गोंगाट ऐकून, लिहून काढून, व्हायोलिन वगैरे खऱ्या वाद्यांवर जाहीर वाजवला, आणि खुद्द रीड त्यात सामील झाला. मी ती तबकडी नंतर फोनवर ऐकायला घेतली. अकरा मिनिटं टिकलो. पैसे पडले नव्हते.

मागच्या पावसाळ्यात नागपूरकर कामासाठी पुण्यात आला होता. आता दोन मुलींचा बाप, केस पिकलेले, गिटार मोठ्या मुलीकडे. मी त्याला स्टेशनवर सोडायला निघालो. संगम पुलापाशी गाड्या तुंबल्या होत्या, वायपर चालू होते, गाडीत फोनवरची गाणी आपापली लागत होती. तिसरं गाणं सुरू झालं. तीच बासची ओळ, तीच ती, तीच ती. बाजूला पाहिलं तर याची बोटं डॅशबोर्डवर चालू होती, एकही ठोका न चुकता. भोंगे यायच्या नेमक्या आधी त्यानं हात वर केला, बँडमास्तर करतो तसा, आणि भोंगे आले.

“तुला तर हे आवडत नव्हतं,” मी म्हणालो.

“आताही नाही आवडत बे,” तो म्हणाला. “पाठ झालं, त्याले मी काय करू?”

सिग्नल सुटला. स्टेशनपाशी उतरताना त्यानं बॅग खांद्याला लावली, खिडकीतून वाकून आत पाहिलं आणि हात पुढे केला. मला वाटलं, हात मिळवायला.

“तीस रुपये,” तो म्हणाला.